एल्फिन्स्टनचे सोबती

महाविद्यालयातील सहवास पुढील आयुष्यात कितपत टिकतो आणि टिकला तर समाजाच्या काय कामास येतो, हा प्रश्न माजी विद्यार्थ्यांच्या संमेलनांत सहसा कोणी विचारीत नाही. तेथे जुन्या गुरुजनांचा सत्कार होतो, सहभोजन होते, छायाचित्र निघते आणि मंडळी पांगतात. अमेरिकेत मात्र या सहवासास संस्थेचे रूप फार लवकर मिळाले. ५ डिसेंबर १७७६ रोजी व्हर्जिनियातील विल्यम अँड मेरी महाविद्यालयाच्या पाच विद्यार्थ्यांनी ‘फाय बीटा कप्पा’ नावाचे मंडळ स्थापिले. त्याची शपथ गुप्त होती, हस्तांदोलनाची खूणही ठरलेली होती. पुढे ग्रीक अक्षरांची नावे धारण करणारी अशी अनेक बंधुमंडळे तेथे निघाली. त्यांचे सभासदत्व पदवीबरोबर संपत नाही. व्यवसायात व राजकारणात ते कामी येते, हे तेथे कोणी लपवीत नाही. आपल्याकडे असे काही नव्हते असा सर्वसाधारण समज आहे. तो तितकासा खरा नाही, असे आम्हांस वाटते.

१८४८ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये प्रोफेसर पॅटन यांच्या पुढाकाराने ‘स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’ निघाली. निबंध वाचावेत, त्यांवर चर्चा करावी, एवढाच तिचा आरंभीचा व्याप होता. त्याच वर्षी तिच्या मराठी व गुजराती शाखा निघाल्या. मराठी शाखा म्हणजे उपयुक्त ज्ञानप्रसारक सभा. तिचे पहिले अध्यक्ष व्याकरणकार दादोबा पांडुरंग हे होते. या सभेचे ‘मराठी ज्ञानप्रसारक’ मासिक १८५० पासून १८६७ पर्यंत चालले. मराठी शास्त्रीय गद्याचा इतिहास लिहिणारास ते टाळता येत नाही, हे अध्यापक वाचकांस सांगावयास नको. पण या मंडळींचे खरे धाडस निराळेच होते. स्त्रीशिक्षणावरील एका निबंधाच्या चर्चेतून १८४९ साली त्यांनी मुलींच्या शाळा काढल्या. दादाभाई नौरोजी व त्यांचे सोबती घरोघर हिंडून पालकांची मनधरणी करीत आणि स्वतःच विनावेतन शिकवीत. कोणी घरात घेई, कोणी जिन्यावरून खाली लोटावयास निघे. विशीपंचविशीतल्या तरुणांनी मिळून घेतलेला हा अपमान त्यांना एकत्र बांधण्यास कोणत्याही शपथेहून अधिक उपयोगी पडला असला पाहिजे.

शपथेचे मंडळही मुंबईत होतेच. १८४९ मध्येच परमहंस सभा निघाली. राम बाळकृष्ण जयकर तिचे अध्यक्ष होते आणि दादोबा पांडुरंग तिचे वैचारिक आधार होते. सभासद बहुतेक इंग्रजी शिकलेले तरुण होते. जातिभेद मानावयाचा नाही, मूर्तिपूजा करावयाची नाही, ईश्वर एक मानावयाचा, ही तिची तत्त्वे होत. पण ही सर्व चर्चा बंद दारांआड चाले. नव्या सभासदाने परजातीच्या माणसाच्या हातचे खावे, ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव चाखावा, असा दीक्षाविधी होता. आज पावाचा तुकडा ही हसण्याची गोष्ट वाटेल; त्या काळी तो तुकडा म्हणजे बहिष्कार, लग्नसंबंध तुटणे, आईबापांच्या घरचे दार बंद होणे. म्हणून गुप्तता. बाबा पदमनजी काही काळ या सभेत होते. त्यांनी ‘अरुणोदय’ या आत्मचरित्रात तिची हकीकत लिहून ठेविली आहे. १८६० च्या सुमारास सभासदांच्या नावांची वही बाहेर फुटली आणि सभा कोसळली. जिचा सारा आधार गुप्ततेवर, तिला एक वही पुरली. अमेरिकेतील त्या पहिल्या मंडळानेही १८३१ च्या सुमारास आपली गुप्तता टाकून दिली होती, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे.

सभा गेली, पण माणसे राहिली. अवघ्या सात वर्षांनी, ३१ मार्च १८६७ रोजी, दादोबांचे बंधू डॉ. आत्माराम पांडुरंग यांच्या पुढाकाराने प्रार्थना समाज स्थापन झाला, आणि परमहंस सभेतील तत्त्वे बहुतांशी तेथे उघडपणे मांडली गेली. १८६२ साली मुंबई विद्यापीठाच्या बी. ए.च्या पहिल्या तुकडीत चौघे उत्तीर्ण झाले: महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. चौघेही एल्फिन्स्टनचे, आणि चौघेही पुढे प्रार्थना समाजात आले. भांडारकर तर विद्यार्थिदशेतच परमहंस सभेत गेलेले होते. हा केवळ योगायोग म्हणता येत नाही.

वडोदऱ्याच्या वाचकांस यातील एक धागा अधिक जवळचा वाटेल. १८७४ साली मल्हारराव गायकवाडांच्या दरबारी दादाभाई दिवाण झाले. राज्याची घडी विस्कटलेली, रेसिडेंट कर्नल फेअर प्रतिकूल, दरबारातील जुनी मंडळी नाराज. अशा वेळी दादाभाईंनी विश्वासाची माणसे बाहेरून आणली. त्यांत मुख्य न्यायाधीश म्हणून आले ते बाळ मंगेश वागळे. ज्या संस्थेत दादाभाई शिकले व शिकवीत होते, त्याच संस्थेच्या परंपरेतला हा माणूस. जुन्या ओळखीवर नेमणूक करणे म्हणजे वशिला, असा आक्षेप कोणी घेईल. आमच्या मते भेद येथे आहे: वशिल्याने माणसाला सुखाची जागा मिळते, वागळ्यांना मिळाली ती काट्यांची. १८७५ च्या आरंभी दादाभाई पदमुक्त झाले, आणि त्याच वर्षी मल्हाररावही पदच्युत झाले.

या स्नेहमंडळाचा परीघ अरुंद होता, हे मान्य केले पाहिजे. त्यात मुख्यतः वरच्या जातींचे हिंदू आणि पारशी. स्त्रिया नाहीत, श्रमिक जातींची मुले जवळजवळ नाहीत. त्याच १८४८ साली पुण्यात जोतीराव फुल्यांनी मुलींची शाळा काढली, ती कोणत्याही महाविद्यालयीन मंडळाच्या आधारावाचून. मात्र त्यांच्याही पाठीशी सदाशिव बल्लाळ गोवंडे व मोरो विठ्ठल वाळवेकर हे मिशनच्या शाळेतले ब्राह्मण सोबती उभे होते. सोबत्यांचे मोल तेथे अधिकच दिसते, कारण जातीची भिंत ओलांडून ती मैत्री झाली होती. उलट, मैत्री असूनही मते फाटतात, याचे उदाहरण शोधावयास दूर जाणे नको. डेक्कन कॉलेजात टिळक व आगरकर यांनी रात्री जागवून आखलेला बेत १८८० साली न्यू इंग्लिश स्कूलच्या रूपाने उभा राहिला. दोघांनी डोंगरीचा १०१ दिवसांचा तुरुंगवासही बरोबर भोगला. आणि तरीही १८९० मध्ये टिळक डेक्कन एज्युकेशन सोसायटीतून बाहेर पडले. संस्था मात्र उभी राहिली.

मित्रांच्या मंडळाने माणसास नेहमी धीर दिला असेही नाही. रानडे पुनर्विवाहाचे पुरस्कर्ते. पण १८७३ साली प्रथम पत्नी निवर्तल्यावर वडिलांच्या आग्रहापुढे त्यांनी मान तुकविली आणि अकरा वर्षांच्या रमाबाईंशी विवाह केला. विधवाविवाहाची अपेक्षा धरून बसलेल्या स्नेह्यांस तो आघात वाटला. त्याच मंडळातील भांडारकरांनी, तरुणपणी बंद दारांआड परमहंस सभेत बसलेल्या भांडारकरांनी, १८९१ साली आपल्या विधवा कन्येचा पुनर्विवाह उघडपणे लावून दिला. निंदा झाली, बहिष्काराची भाषा झाली. वही फुटण्याचे भय तोपर्यंत उरले नव्हते.