मागणी आणि पोंच

व्ही. पी. नें पुस्तकें मागविण्याची चाल आतां बहुतेक घरांतून मागें पडली आहे. तथापि ज्यांनीं ती पाहिली असेल, त्यांना पोस्टमन ओटीवर येऊन आधीं पैसे मोजून घेई व मगच पुडकें हातीं देई, तो प्रसंग आठवत असेल. हिंदुस्थानांत ही सोय १८७७ सालीं सुरू झाली. आज कांचेवर बोट टेकवावें आणि दुसऱ्या दिवशीं वस्तु दारांत यावी, असा काळ आला आहे. त्या बोटाच्या आणि दाराच्या मध्यें जें सॉफ्टवेअर काम करतें, तें इंटरनेटचें अपत्य होय, अशी सर्वसाधारण समजूत आहे. इतिहास पाहतां ती खरी ठरत नाहीं.

मूळ प्रश्न साधा आहे. एका गिऱ्हाइकानें पांच वस्तु मागितल्या. त्या वखारीच्या पांच निरनिराळ्या भागांत आहेत. त्या एकाच वेळीं एकाच पेटींत कशा याव्यात? आणि त्याच दिवशीं अशाच हजारों मागण्या आल्या असतील तर? एका माणसाची स्मरणशक्ति येथें पुरत नाहीं, व्यवस्था लागते.

हा प्रश्न प्रथम मोठ्या प्रमाणावर उभा राहिला तो अमेरिकेंतील शिकागो शहरीं. माँटगोमेरी वॉर्ड यानें १८७२ त टपालानें माल विकण्याचा धंदा तेथें काढला. पुढें १८९३ त सीअर्स, रोबक आणि कंपनी हें नांव पुढें आलें. १८९६ पासून खेडोपाडीं घरपोंच टपाल जाऊं लागलें आणि दूरच्या शेतकऱ्याच्या हातीं जाडजूड सूचीपत्र पडलें. रिचर्ड सीअर्स हा जाहिरातीचा बादशहा होता. पण त्याची लेखणी जितकी धांवे, तितके बांधणाऱ्यांचे हात धांवत नसत. मागण्या साचत, एकाचा माल दुसऱ्याला जाई, आणि परत आलेल्या मालाचा ढीग होई.

१९०६ सालीं कंपनी नव्या प्रचंड इमारतींत गेली, तेव्हां ऑटो डोअरिंग या व्यवस्थापकानें यावर तोड काढली. प्रत्येक मागणीला पाठवणीची एक ठराविक वेळ नेमून द्यावयाची, आणि तीहि पंधरा मिनिटांच्या हिशेबानें. प्रत्येक खात्याला तशी चिठ्ठी जाई. त्या वेळेच्या आंत त्यानें आपली वस्तु घसरणींवरून व सरकत्या पट्ट्यांवरून बांधणीच्या खोलींत पोंचवावी. जें खातें चुके, त्याची वस्तु मागाहून वेगळी पाठवीत आणि भुर्दंड त्याच खात्यावर बसे. येथें गणकयंत्र नव्हतें. होतें तें केवळ आगगाडीच्या वेळापत्रकासारखें वेळापत्रक. परंतु आजच्या सॉफ्टवेअरचा कणा तोच आहे.

दुसरा अंक लंडनचा, आणि तो घडला एका चहाच्या दुकानदाराकडे! जे. लायन्स आणि कंपनीचीं चहागृहें लंडनभर पसरलीं होतीं. १९४७ त कंपनीचे दोन अधिकारी अमेरिकेंत नवीं गणकयंत्रें पाहून आले. नंतर केंब्रिज येथील यंत्राला कंपनीनें ३,००० पौंडांची मदत दिली आणि त्याच धर्तीवर स्वतःचें यंत्र बांधलें. त्याचें नांव 'लिओ'. १९५१ त तें बेकरीचे हिशेब करूं लागलें व १९५४ त चहागृहांच्या रोजच्या मागण्या त्याच्याकडे आल्या. डेव्हिड कॅमिनर यांच्या मंडळींनीं येथें जी युक्ति योजिली, ती मला फार सुंदर वाटते. प्रत्येक चहागृहाची कायमची यादी यंत्राजवळ असे. व्यवस्थापिका बाईंनीं दुपारीं दूरध्वनीवरून फक्त फरक तेवढा कळवावयाचा: आज केक चार जास्त, पाव दोन कमी. बाकीचें गणित, म्हणजे एकंदर काय लागेल आणि कोणत्या दुकानासाठीं काय बांधावें, हें यंत्र करी. कंटाळवाणें लिहिणें यंत्राकडे गेलें. उद्यां पाऊस आहे, गिऱ्हाईक कमी येईल, हा अंदाज मात्र बाईंकडेच राहिला.

तिसरी पायरी म्हणजे यंत्राला वस्तु ओळखतां येणें. २६ जून १९७४ रोजीं ओहायो संस्थानांतील ट्रॉय गांवीं चघळावयाच्या गोंदाचें एक पाकीट काळ्या-पांढऱ्या रेघांवरून वाचलें गेलें, आणि तीहि पायरी ओलांडली गेली.

मग इंटरनेट आलें. १९९५ त ॲमेझॉन कंपनी पुस्तकें विकूं लागली, तेव्हां तेथील मंडळी जमिनीवर गुडघे टेकून पुडकीं बांधीत. टेबलें आणावीं, हें सुचायलासुद्धां वेळ लागला! शिकागोचा जुना धडा नव्या दुकानदारांना पुन्हा गिरवावा लागला. १९९९ च्या नाताळांत अनेकांनीं दिलेल्या मुदती मोडल्या, आणि २००० सालीं अमेरिकन सरकारनें सात विक्रेत्यांकडून मिळून १५ लक्ष डॉलर दंड वसूल केला. वेबव्हॅन या किराणा पोंचविणाऱ्या कंपनीनें तर १०० कोटि डॉलरांच्या वखारींचा करार आधीं केला. गिऱ्हाईक तेवढें आलेंच नाहीं, आणि जुलै २००१ मध्यें तिचें दिवाळें निघालें. वेळापत्रक कितीहि चोख असलें, तरी तें मागणी निर्माण करूं शकत नाहीं.

ॲमेझॉन तगली. तिच्या वखारींत वस्तु जातवारीनें ठेवीत नाहींत. रिकामा कप्पा दिसेल तेथें पुस्तकाशेजारीं खेळणें आणि खेळण्याशेजारीं साबण. कोठें काय आहे, हें यंत्र जाणतें आणि हातांतील उपकरणावरून माणसाला वाट दाखवितें. यांत जागा वांचते, वेळ वांचतो. पण आपल्याकडील जुना कोठारवाला आठवून पाहा. अंधारांतहि कोणता डबा कोठें आहे हें तो सांगे, आणि त्या ज्ञानामुळें त्याला मान असे. तें ज्ञान आतां यंत्रांत गेलें. माणसाजवळ उरले पाय. आणि त्या पायांची गतिहि तेंच यंत्र मोजतें.

ही तक्रार केवळ भावनेची नव्हे. २०२१ त कॅलिफोर्निया संस्थानाला कायदा करावा लागला कीं, वखारींतील कामगाराला त्याच्या कामाचें प्रमाण लेखी कळवावें, आणि जेवण, विश्रांति किंवा शौचास जाणें अशक्य होईल असें प्रमाण त्यावर लादूं नये. अशी गोष्ट कायद्यांत लिहावी लागते, यांतच सर्व आलें. डोअरिंगच्या व्यवस्थेंत उशिराचा भुर्दंड खात्यावर पडे. आज घड्याळ एकेका माणसाच्या हातांत बांधलेलें आहे.

लायन्सच्या मंडळींनींहि यंत्रच वापरलें होतें. त्यांनीं माणसाचा कंटाळा यंत्राला दिला आणि माणसाची पारख माणसाकडे ठेविली. तेव्हां दोष यंत्राचा नव्हे. कोणतें काम कोणाकडे ठेवावयाचें, हें ठरविणाऱ्याचा आहे. व्ही. पी. घेऊन येणारा पोस्टमन ओटीवर घटकाभर टेके, पाणी मागे. आजचें पुडकें त्याच्याहून पुष्कळ लवकर येतें. तो वांचलेला वेळ कोणाच्या विश्रांतींतून कापला गेला, एवढें तें उघडतांना आपण मनाशीं विचारावें.