डोकेदुखीला ‘खोटी’ म्हणू नका

आम्ही उदगीर तालुक्यातल्या बचत गटांच्या बाया. आपल्याकडं डोकं दुखलं की बाम चोळायचा, कपाळाला फडकं घट्ट बांधायचं आणि पुन्हा कामाला लागायचं. बहुतेक वेळा तेवढ्यानं भागतं. पण एक डोकेदुखी अशी आहे की तिला बाम पुरत नाही. तिचा इतिहास आज आम्ही सांगणार आहोत.

सन १८९३. मुंबईत नागेश्वर राव यांनी अमृतांजन बाम काढला. त्याच वर्षी जर्मनीत क्विंके नावाच्या डॉक्टरांनी डोक्यातल्या दाबाच्या आजारावर लिहिलं. आपल्या मेंदूभोवती पाण्यासारखा द्रव असतो. तो रोज तयार होतो, रोज रक्तात जिरतो. जिरणं अडलं की कवटीच्या आत दाब वाढतो. पाठीच्या मणक्यांतून सुई घालून हा द्रव काढायची रीतही क्विंके यांनीच १८९१ मध्ये दाखवली होती.

१९०४ मध्ये नॉन्ने या डॉक्टरांनी या आजाराला नाव दिलं, ‘मेंदूतली खोटी गाठ’. लक्षणं गाठीची, पण गाठ सापडत नाही म्हणून. १९३७ मध्ये अमेरिकेत डँडी यांनी असे २२ रुग्ण नोंदवले. १९५५ मध्ये फोली यांनी नाव बदललं, ‘निरुपद्रवी’ दाब. आता बघा, या आजाराचे बहुतेक रुग्ण म्हणजे मूल होण्याच्या वयातल्या, वजन वाढलेल्या बाया. त्यांच्या दुखण्याला आधी खोटं म्हटलं, मग निरुपद्रवी! पण हा दाब डोळ्याच्या नसेवर येतो, नस सुजते आणि कायमची नजर जाऊ शकते. हे कळलं तेव्हा डॉक्टरांनी ते ‘निरुपद्रवी’ नाव सोडून दिलं.

याचा पाळीशी काय संबंध? १९३५ मध्ये शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेंथल यांनी बीजकोशांचा एक आजार मांडला. त्यालाच आज आपण पीसीओडी म्हणतो. पाळी लांबते, वजन वाढतं, हनुवटीवर केस येतात. बाईच्या अंगात थोडं पुरुषी हार्मोन असतंच, ते यात वाढतं. २०१९ मध्ये इंग्लंडात बर्मिंगहॅमच्या संशोधकांना दाबाच्या रुग्ण बायांमध्येही हे हार्मोन वाढलेलं दिसलं. पीसीओडी असलेल्या प्रत्येकीला हा आजार होतो असं नाही. पण खुणा माहीत हव्यात.

आडवं झालं किंवा वाकलं की डोकं जास्त दुखणं, उठताना क्षणभर अंधारी येणं, कानात नाडीसारखी घुंघुं, एकाचे दोन दिसणं. असं होत असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांना सांगा, “नुसता चष्म्याचा नंबर नको, डोळ्याच्या आतली नस बघा.” ती बघायचं यंत्र १८५१ पासून आहे. नजर एकदम मंदावली तर त्याच दिवशी जा.

यावर इलाज आहे. २०१४ मध्ये अमेरिकेत १६५ रुग्णांवरचा अभ्यास छापून आला. सगळ्यांनी वजन उतरवायचा आणि कमी मिठाचा आहार घेतला. ज्यांना सोबत ॲसिटाझोलामाइड ही गोळी दिली, त्यांची नजर जास्त सुधारली. ही गोळी मात्र डॉक्टरांनी दिली तरच घ्यायची. दिवस गेले असतील तर आधी सांगायचं.

तपासणीसाठी लातूर गाठावं लागलं तर गटातून कर्ज उचलायला लाजू नका. बियाण्याला, लग्नाला आपण उचलतोच. आपल्या नजरेलाही उचलावं.