ऑल्डबरा महोत्सव
इंग्लंडमधील सफक किनाऱ्यावरच्या ऑल्डबरा गावी जूनमध्ये भरणारा पाश्चात्त्य अभिजात संगीताचा महोत्सव. संगीतकार बेंजामिन ब्रिटन, गायक पीटर पिअर्स व लेखक-दिग्दर्शक एरिक क्रोझियर यांनी १९४८ मध्ये तो सुरू केला. समुद्रशोभेमुळे त्याची ख्याती झाली हा समज अपुरा आहे. त्याला घडवले ते गावातल्या तोकड्या जागेने. चिमुकल्या ज्युबिली हॉलला मोठा वाद्यवृंद पेलवणारा नव्हता, म्हणून आटोपशीर ऑपेराला वाव मिळाला; ऑर्फर्डच्या चर्चमध्ये ब्रिटनचा ‘नोइज फ्लड’ हा ऑपेरा (१९५८) तर सफकच्या शाळकरी मुलांसह सादर झाला. १९६७ मध्ये जवळच्या स्नेप येथे, बार्लीचे माल्ट करण्याच्या जुन्या इमारतीत मोठे सभागृह झाल्यावर हे वैशिष्ट्य उरले नाही, असा आक्षेप घेता येईल. तो निम्माच खरा. कारण चर्चमधल्या मैफली त्यानंतरही चालूच राहिल्या.