तारामतीची दोन रूपे

भाताची कापणी आटोपली, की आमच्या भंडारा जिल्ह्यात गावोगाव नाटकांचे मंडप उभे राहतात, आणि झाडीपट्टीचा रसिक उजाडेपर्यंत जागचा हलत नाही. याच प्रदेशातील दंडार व खडी गंमत या जुन्या प्रकारांत स्त्रीचे सोंग पुरुषच घेत असे. लुगडे नेसलेल्या त्या नटास लोकांनी मनापासून दाद दिली; परंतु घरच्या लेकीसुनेने त्या जागी उभे राहावे, हे कोणास रुचले नसते. ही दुटप्पी रसिकता एकट्या झाडीची नव्हती; ती साऱ्या महाराष्ट्राची होती.

दादासाहेब फाळके यांनी १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ हा मूकपट काढला, तेव्हा तारामतीच्या भूमिकेसाठी त्यांस स्त्री मिळेना. वारांगनांनीही नकार दिला. अखेर उपाहारगृहात काम करणाऱ्या अण्णा साळुंके यांनी ती भूमिका केली. पुढे १९३२ साली कोल्हापूरच्या प्रभात कंपनीने त्याच कथेवर ‘अयोध्येचा राजा’ हा बोलपट काढला. त्यात गोविंदराव टेंबे यांच्या हरिश्चंद्राशेजारी तारामती म्हणून उभ्या राहिल्या त्या दुर्गाबाई खोटे.

दुर्गाबाईंचा जन्म १९०५ साली मुंबईच्या सुखवस्तू लाड कुटुंबात झाला. त्या महाविद्यालयात शिकलेल्या होत्या. हौसेने नव्हे, तर घरची विपत्ती व दोन मुलांची काळजी यांमुळे त्या या व्यवसायात आल्या. १९३१ च्या ‘फरेबी जाल’मधील लहानशा कामाने त्यांच्या पदरी लोकनिंदाच पडली. तेव्हा त्या घरी बसत्या, तर कोणीही त्यांस दोष दिला नसता. त्या बसल्या नाहीत. ‘अमरज्योति’तील (१९३६) बंडखोर सौदामिनी, रंगभूमीवर ‘भाऊबंदकी’तील आनंदीबाई, ‘मुघल-ए-आझम’मधील (१९६०) जोधाबाई, अशा भूमिकांनी त्यांनी निंदकांस उत्तर दिले. १९३७ साली ‘साथी’ची निर्मिती व दिग्दर्शनही त्यांनी केले.

१९८३ साली त्यांस जो सर्वोच्च चित्रपट-सन्मान लाभला, तो फाळके यांच्याच नावाचा! ज्यांस तारामती सापडली नाही, त्यांच्या नावाने तारामतीचा गौरव झाला. १९९१ साली दुर्गाबाई निवर्तल्या.

आज आमच्या झाडीतील नाटकांत स्त्रिया काम करतात. मंडपात आम्ही त्यांस टाळ्या देतो. मंडपाबाहेर मानही देतो काय, याचे उत्तर मात्र ज्याने त्याने आपल्या मनास विचारावे.