फितीबरोबरची चिठ्ठी

जुनी पोथी हाती आली की अभ्यासक आधी शेवटचे पान उलटतो. नक्कल कोणी केली, कोणत्या शकात, कशावरून, हे तिथल्या पुष्पिकेत सापडते. अमेरिकेतल्या जुन्या रॉक कॉन्सर्टची चाहत्यांनी केलेली ध्वनिमुद्रणे ऐकताना मला हीच सवय उपयोगी पडली.

‘ग्रेटफुल डेड’ हा सॅन फ्रान्सिस्को परिसरातला बँड. 1965 ते 1995 या काळात त्यांच्या दोन हजारांहून अधिक कॉन्सर्ट झाल्या आणि एकच गाणे दोन रात्री सारखे वाजेल, असा भरवसा नसे. त्यामुळे प्रत्येक रात्र टिपण्याजोगी. चोरून ध्वनिमुद्रण करणाऱ्यांकडे बँडने बराच काळ काणाडोळा केला. पुढे मायक्रोफोनच्या उंच काठ्यांची इतकी गर्दी झाली की ध्वनियंत्रकाला मंचच दिसेना. तेव्हा ऑक्टोबर 1984मध्ये, बर्कलीच्या कार्यक्रमांपासून, या ‘टेपर’ मंडळींना त्याच्या मागची जागा नेमून देण्यात आली. फिती विकायच्या नाहीत, एवढे पथ्य. कोऱ्या कॅसेटी आणि परतीचे टपालतिकीट पाठवले की भरलेल्या कॅसेटी घरपोच येत.

मात्र नकलेची नक्कल होताना खरखर वाढते. दोन यंत्रांच्या वेगात फरक असला की सूर चढतो किंवा उतरतो. 90 मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू 45 मिनिटांत संपते, गाणे मध्येच तुटते, आणि तो खळगा दुसऱ्याच्या फितीतून भरून काढतात. पाठचिकित्सा करणाऱ्याला हे सारे ओळखीचे वाटेल. ‘इंटरनेट अर्काइव्ह’वर 2002पासून साठलेल्या संग्रहात म्हणूनच मी गाण्याआधी सोबतची टिपणे वाचतो : मायक्रोफोन कोणता, रेकॉर्डर कोणता, नक्कल कितवी, ठिगळ कुठे. ही वंशावळ नसेल, तर आवाज कितीही स्वच्छ असो, माझ्या लेखी ते मुद्रण अनाथ.

कॉर्नेल विद्यापीठाच्या बार्टन हॉलमधली 8 मे 1977ची कॉन्सर्ट घ्या. बँडसाठी काम करणाऱ्या बेटी कँटर-जॅक्सन यांनी ती थेट यंत्रणेवरून टिपली. 1986च्या सुमारास त्यांच्या मूळ फिती गोदामाच्या लिलावात परक्या हाती गेल्या. तरीही नकला हातोहात फिरत राहिल्या. 2012मध्ये ‘लायब्ररी ऑफ काँग्रेस’ने या कॉन्सर्टला राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीत स्थान दिले, अधिकृत आवृत्ती निघाली थेट 2017मध्ये. तोवर हा दस्तऐवज तगला, तो फुकट नकला वाटणाऱ्यांच्या कष्टावर.

नोव्हेंबर 2005मध्ये मालकीचा प्रश्न उभा राहिला. वाद होऊन शेवटी यंत्रणेवरची मुद्रणे फक्त ऐकण्यापुरती उरली, तर श्रोत्यांमधून केलेली उतरवून घ्यायची मुभा राहिली. म्हणजे दुय्यम समजल्या गेलेल्या फितीच मोकळ्या राहिल्या! मला त्याच अधिक मोलाच्या वाटतात. यंत्रणेच्या तारेतून आलेल्या आवाजात सभागृह जवळपास नसतेच. टेपरच्या फितीत ते टाळ्यांसकट, शेजारच्या कुजबुजीसकट ऐकू येते.