भरपाई, अपघात, अपंगत्व : तीन शब्दांचा इतिहास



विम्याच्या कागदावर तीन शब्द हमखास भेटतात : भरपाई, अपघात आणि अपंगत्व. आपण सही करतो, शब्द मात्र वाचत नाही. 'विमा' हा शब्द फारसीतून आलेला आहे. त्याच्या मुळाशी 'बीम', म्हणजे भीती आहे. कसली भीती? गमावण्याची. पण घर गमावणं आणि हात गमावणं या एकाच जातीच्या गोष्टी आहेत का? हा प्रश्न आज आपल्यापुढे आहे.

आधी घराचं पाहू. १६६६ साली लंडनमध्ये मोठी आग लागली, तेरा हजारांवर घरं जळाली. त्यानंतर साधारण पंधरा वर्षांनी निकोलस बार्बन याने घरांचा आगीचा विमा उतरवण्याचा धंदा सुरू केला. घराला किंमत असते, ते पुन्हा बांधता येतं. म्हणून हा व्यवहार हिशेबात बसतो. १८८३ साली इंग्लंडच्या अपील कोर्टाने यामागचं तत्त्व स्पष्ट केलं. एका मालकाने घर विकायचा करार केला होता. खरेदी पुरी होण्याआधी आग लागली. त्याने विमा कंपनीकडून पैसे घेतले आणि मग खरेदीदाराकडून ठरलेली पूर्ण किंमतही घेतली. कोर्टाने कंपनीचे पैसे परत करायला लावले. नुकसान भरून निघावं, पण त्यातून नफा होऊ नये, याला भरपाई म्हणायचं.

आता शरीराकडे वळू. इथे १८८४ हे साल लक्षात ठेवा. जुलैमध्ये बिस्मार्कच्या जर्मनीत कामगारांच्या अपघात विम्याचा कायदा झाला. मालकाची चूक सिद्ध करण्याचं ओझं कामगारावरून उतरलं, आणि वर्गणी मालकांनी भरायची ठरलं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आपल्या मुंबईत 'दीनबंधु'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या. पाच हजारांहून अधिक कामगारांच्या सह्यांचं निवेदन तयार झालं. रविवारची सुट्टी, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती या मागण्या आपल्याला ठाऊक असतात. पण त्यात आणखी एक मागणी होती : कामावर जबर दुखापत झाली तर बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा, आणि जन्माचं अपंगत्व आलं तर उदरनिर्वाहाची सोय व्हावी.

बघा, हाताची किंमत किती, असं लोखंडे विचारत नाहीत. हा माणूस उद्या जगणार कशावर, असं ते विचारतात.

आपल्याकडे कायदा यायला जवळजवळ चाळीस वर्षं लागली. कामगार नुकसानभरपाई कायदा १९२३चा, अंमल १ जुलै १९२४पासून. त्याला एक परिशिष्ट जोडलेलं होतं. पुढे दुरुस्त झालेल्या त्या तक्त्यात अंगठा गेला तर ३० टक्के, तर्जनी १४, मधलं बोट १२, करंगळी ७. हे टक्के शरीराचे नाहीत, कमावण्याच्या क्षमतेचे आहेत. तरी तक्ता सगळ्यांना एकच. तबलजीची तर्जनी आणि पहारेकऱ्याची तर्जनी, दोन्ही १४ टक्के! तक्त्याचा फायदाही आहे, गरिबाला बोटागणिक भांडावं लागत नाही. पण त्याच कायद्यात 'पूर्ण अपंगत्वा'ची व्याख्याही होती : अपघाताच्या वेळी माणूस जी कामं करू शकत होता, ती सगळी करण्यास तो असमर्थ होणं.

या दोन गोष्टींची टक्कर १९७५ साली सर्वोच्च न्यायालयात झाली. ओरिसातल्या जेपूरचा एक सुतार सिनेमागृहात नक्षीचं काम करताना पडला; त्याचा डावा हात कापावा लागला. मालकाचं म्हणणं, एकच हात गेला, म्हणजे अपंगत्व अंशतः. न्यायालय म्हणालं, सुतारकाम एका हाताने होत नाही; म्हणून अपंगत्व पूर्णच. म्हणजे लोखंडे यांचा प्रश्न नव्वद वर्षांनी कोर्टात पुन्हा उभा राहिला.

घराला किंमत असते आणि ती भरून देता येते; हात मात्र कुणीच परत देत नाही. म्हणून खासगी अपघात विमा हा घरासारखा भरपाईचा करार नसतो. आधी ठरलेल्या रकमेतला ठरलेला हिस्सा तेवढा मिळतो. अशा पॉलिसीतले टक्के विमा रकमेचे असतात, तुमच्या कमाईचे नव्हेत. तेव्हा घरी गेल्यावर दोन गोष्टी पाहा. घराच्या पॉलिसीत पैसे बाजारभावाने मिळणार की नव्याने बांधायच्या खर्चाने? आणि अपघाताच्या पॉलिसीत 'पूर्ण अपंगत्व' म्हणजे तुमचं स्वतःचं काम न करता येणं, की जगातलं कुठलंच काम न करता येणं? कागदावर हा फरक चार-दोन शब्दांचा असतो, पण त्यावर एखाद्या घरची चूल पेटते किंवा विझते.