परकीय विद्यार्थी आणि जपानी कुटुंब : गृहवासाचा पूर्वेतिहास

विनिमय योजनेखाली जपानमध्ये शिकावयास येणाऱ्या परकीय विद्यार्थ्याने काही आठवडे, काही महिने किंवा वर्षभर एखाद्या जपानी कुटुंबात राहावे, ही प्रथा ‘होमस्टे’ या नावाने आता रूढ झाली आहे. भाषाशिक्षणाचे किंवा आंतरराष्ट्रीय सौहार्दाचे साधन या दृष्टीने तिची चर्चा होते. इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र त्याच्याही आधीचा प्रश्न विचारावा लागतो. परक्या विद्यार्थ्याने कोठे आणि कोणत्या नात्याने राहावे, हे जपानमध्ये ठरवीत असे कोण? शासन, खानावळीचा मालक, की कुटुंब? प्रस्तुत लेखात या प्रश्नाच्या अनुरोधाने गृहवासाच्या पूर्वेतिहासाचे स्थूल विवेचन करावयाचे आहे.

आधुनिक काळात परकीय विद्यार्थ्यांचा पहिला मोठा ओघ जपानकडे वळला तो चीनमधून. १८९४-९५ च्या युद्धात पराभूत झालेल्या चीनने १८९६ साली तेरा विद्यार्थी टोकियोस धाडले. त्यांची व्यवस्था कानो जिगोरो यांच्याकडे सोपविण्यात आली. जूदोचे प्रवर्तक म्हणून जगाला परिचित असलेले कानो हे त्या काळचे एक अग्रगण्य शिक्षणतज्ज्ञही होते. या तेरांपैकी काही जण थोड्याच दिवसांत परतले. जपानी अन्न त्यांना मानवेना आणि रस्त्यावरची मुले त्यांच्या वेणीची टवाळी करीत. पुढे १९०२ साली कानो यांनी चिनी विद्यार्थ्यांसाठी कोबुन विद्यालय काढले. १९०५ मध्ये चीनने जुनी राजसेवा परीक्षा रद्द केली, तेव्हा जपानमधील चिनी विद्यार्थ्यांची संख्या कित्येक हजारांवर गेली होती.

हे विद्यार्थी राहत कोठे? काही शाळेच्या वसतिगृहात राहत, तर बरेचसे ‘गेशुकु’मध्ये. गेशुकु म्हणजे मासिक मोबदला घेऊन खोली व जेवण पुरविणारे घर. तेथे विद्यार्थी घराच्या छपराखाली असे, पण घराचा नसे. प्रख्यात चिनी लेखक लू शुन १९०४ साली सेंदाई येथे वैद्यकाच्या अभ्यासासाठी गेले, त्या वेळची हकीकत या दृष्टीने बोलकी आहे. त्यांच्या खानावळीतूनच तुरुंगातील कैद्यांचेही जेवण जात असे. हे योग्य नव्हे, असे एका हितचिंतकाने आग्रहाने सांगितल्यावरून लू शुन यांना, फारशी तक्रार नसतानाही, बिऱ्हाड बदलावे लागले; आणि नव्या ठिकाणचे जेवण तर अधिकच नकोसे निघाले. सेंदाईच्या ज्या जपानी माणसाची स्मृती त्यांनी आयुष्यभर जपली, तो त्यांचा घरमालक नव्हता. त्यांच्या टिपणवह्या लाल शाईने तपासून देणारे शरीररचनाशास्त्राचे प्राध्यापक फुजिनो गेन्कुरो हे ते होत. स्नेह जुळला तो वर्गात, घरात नव्हे.

विद्यार्थ्याच्या निवासाकडे शासनाचे लक्ष गेले ते निराळ्याच कारणाने. टोकियोतील चिनी विद्यार्थी राज्यक्रांतीच्या चळवळीत ओढले जात होते. नोव्हेंबर १९०५ मध्ये जपानच्या शिक्षण मंत्रालयाने चिनी विद्यार्थ्यांना प्रवेश देणाऱ्या शाळांसाठी नियम जारी केले. विद्यार्थ्यांनी वसतिगृहात किंवा शाळेच्या देखरेखीखालील खानावळीतच राहावे, असे त्यांतील एक कलम होते. येथे निवास हा आतिथ्याचा विषय न राहता नियंत्रणाचा विषय झाला. विद्यार्थ्यांनी वर्गांवर बहिष्कार घातला. ८ डिसेंबर १९०५ रोजी चेन त्येनह्वा या तरुणाने ओमोरीच्या किनाऱ्यावर समुद्रात देह टाकून निषेध नोंदविला आणि विद्यार्थी मोठ्या संख्येने मायदेशी परतले. ज्या राष्ट्राला शेजाऱ्यांचे गुरुपद हवे होते, त्याने शिष्यांना संशयित ठरविल्याचा हा परिणाम होता.

याच काळात जपानी समाजात ‘शोसेइ’ची परंपरा नांदत होती. शोसेइ म्हणजे एखाद्या संपन्न घरी राहून, घरकामाला हातभार लावून शिकणारा तरुण. बाहेरच्या विद्यार्थ्याला घरात सामावून घेण्याची रीत त्यामुळे जपानी घराला अपरिचित नव्हती; परदेशी माणसाला मात्र ते स्थान क्वचितच मिळे. या दृष्टीने टोकियोच्या शिंजुकु भागातील ‘नाकामुराया’ या बेकरीचे मालक सोमा आइझो व त्यांच्या पत्नी सोमा कोक्को यांचे उदाहरण मननीय आहे. हद्दपारीचा हुकूम निघालेल्या रासबिहारी बोस यांना या दांपत्याने १९१५ च्या अखेरीस आपल्या आवारातील चित्रशाळेत लपविले, हे भारतीय वाचकांना ठाऊक आहे. १९१८ साली बोस यांचा विवाह त्यांच्या कन्येशी, तोशिको हिच्याशी, झाला.

याच कुटुंबाच्या आश्रयास पुढे वासिली येरोशेंको हा अंध रशियन लेखक राहिला. टोकियोच्या अंधशाळेत शिकण्यासाठी तो १९१४ साली प्रथम जपानमध्ये आला होता. आशियातील भ्रमंती आटोपून परतल्यावर सोमांचे घर हेच त्याचे घर झाले. १९२१ साली समाजवाद्यांशी असलेल्या संबंधांवरून त्याला पकडून देशाबाहेर घालविण्यात आले, तेव्हा घरात घुसलेल्या पोलिसांच्या वर्तनाविरुद्ध सोमा दांपत्याने दाद मागितली. विशेष हे की, हद्दपार येरोशेंकोला १९२२ मध्ये पेकिंग येथे आसरा दिला तो लू शुन व त्यांचे बंधू चौ त्सोरेन यांनी. जपानमध्ये खानावळी बदलीत शिकलेल्या या दोघा भावांच्या घरी जपानने घालवून दिलेला अतिथी राहिला, आणि लू शुन यांनी त्याच्या कथा चिनीत आणल्या. आतिथ्याचा प्रवास हा नेहमीच शासकीय करारांच्या मार्गाने होत नाही, हे यावरून दिसते.

आजचा गृहवास मात्र योजनाबद्ध आहे आणि त्याची रचना बाहेरून आली. १९३२ साली अमेरिकेत डोनाल्ड वॉट यांनी परदेशी कुटुंबात राहण्यावर आधारलेला उपक्रम सुरू केला. दुसऱ्या महायुद्धानंतर तशाच विनिमय योजनांत जपान सामील झाला. याच सुमारास, १ जानेवारी १९४८ पासून, सुधारित नागरी कायद्याने कुटुंबप्रमुखाचा सर्वाधिकार मानणारी जुनी गृहसंस्था संपुष्टात आणली होती. म्हणजे परकीय विद्यार्थी ज्या घरात शिरला ते घर स्वतःच नवे होत होते. १९८३ साली शासनाने एक लक्ष परकीय विद्यार्थ्यांचे उद्दिष्ट जाहीर केले. ते २००३ मध्ये पूर्ण झाले आणि २००८ मध्ये तीन लक्षांचे नवे उद्दिष्ट पुढे आले.

या घरातील बदल लहानसहान रीतींत वाचता येतो. जपानी भाषेत ‘उचि’ या शब्दाचा अर्थ ‘घर’ असाही होतो आणि ‘आतले’ असाही. पाहुण्याला स्नानाचा पहिला मान देण्याची जुनी रीत आहे. ज्या दिवशी विद्यार्थ्याला घरच्यांसारखी पाळीने आंघोळ करावी लागते, त्या दिवशी त्याचा मान उतरतो आणि स्थान वाढते. यजमानांना तो ‘ओतोसान’, ‘ओकासान’ म्हणजे बाबा, आई म्हणू लागतो. वर्गात शिकविली जाणारी आदरार्थी भाषा मागे पडून घरची साधी भाषा त्याच्या कानी पडते. गेशुकुतील भाडेकरूला हे लाभत नसे.

तथापि एक भेद विसरून चालणार नाही. सोमांच्या घराने अतिथीला आपले म्हटले, तेव्हा त्याची किंमत मोजावी लागण्याची शक्यता होती. आजच्या गृहवासात शासन, विद्यापीठ आणि कुटुंब ही तिन्ही एकाच बाजूला आहेत. त्यामुळे विद्यार्थी सुरक्षित आहे. पण त्या नात्याची कसोटी सहसा लागत नाही. म्हणून या प्रथेचे मूल्यमापन करताना मंत्रालयाच्या आकड्यांवर विसंबणे पुरेसे ठरणार नाही. घरोघरची पत्रे, रोजनिशा आणि जमाखर्चाच्या वह्या हीच या इतिहासाची खरी साधने होत. शासनाची दृष्टी बदलल्यावरही कोणत्या घराचे दार उघडे राहिले, याचे उत्तर मिळालेच तर तेथेच मिळेल.